ऑस्कर मिशॉ : स्वतःचा पडदा उभा करणारा माणूस

जानेवारी १९२० हा महिना आपल्याला 'मूकनायक'मुळे माहीत आहे. ३१ जानेवारीला बाबासाहेबांच्या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला आणि ज्यांना वाचा नव्हती त्यांना स्वतःचे पत्र मिळाले. त्याच महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरात 'विदिन अवर गेट्स' नावाचा एक मूकपट प्रदर्शित झाला. तो लिहिणारा, दिग्दर्शित करणारा, त्यासाठी पैसा उभा करणारा आणि पुढे त्याच्या प्रती घेऊन गावोगाव फिरणारा माणूस एकच होता, ऑस्कर मिशॉ. त्याचे वडील गुलामगिरीत जन्मले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता, पण दोन्हींच्या मागचा प्रश्न एकच होता. आपल्याबद्दल सतत दुसरेच बोलत राहिले, तर जगाला आपण कोण म्हणून कळणार?

मिशॉचा जन्म २ जानेवारी १८८४ रोजी इलिनॉय राज्यात झाला. घरात तेरा भावंडे, शेतीवर गुजराण. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम वीस वर्षे झाली होती. शिक्षणाची आवड होती, पण शाळा फार काळ परवडली नाही. सतराव्या वर्षी तो शिकागोला गेला. कत्तलखान्यात राबला, पोलाद कारखान्यात राबला, बूटपॉलिश केले. मग त्याला पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यात हमालाचे काम मिळाले. श्रीमंत गोऱ्या प्रवाशांचे अंथरूण घालणे, सामान उचलणे, हाकेला धावणे हे ते काम. त्या काळच्या कृष्णवर्णीय तरुणांसाठी ही त्यातल्या त्यात बरी नोकरी होती. मिशॉने त्या नोकरीत दोन गोष्टी कमावल्या. एक म्हणजे बचत आणि दुसरी म्हणजे संपूर्ण देश पाहिल्याचा अनुभव.

त्या बचतीतून त्याने १९०५च्या सुमारास साउथ डकोटा राज्यात जमीन घेतली. आजूबाजूला जवळपास सगळे गोरे शेतकरी होते. शहरातून आलेला हा काळा तरुण नांगर धरायला शिकला आणि माळरान पिकाखाली आणले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ही जमीन लाकोटा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून सरकारने काढून वसाहतीसाठी खुली केली होती. एका शोषित समाजाच्या माणसाला मिळालेली संधी दुसऱ्या शोषित समाजाच्या विस्थापनावर उभी होती. मिशॉ मोठा माणूस होता म्हणून ही बाब लपवण्याचे कारण नाही.

१९१० मध्ये त्याने शिकागोतील एका धर्मोपदेशकाच्या मुलीशी लग्न केले. हे लग्न टिकले नाही. बाळ दगावले, पत्नी माहेरी निघून गेली, त्यात दुष्काळ पडला आणि जमीनही हातची जाऊ लागली. या मोडतोडीला आपले सासरे जबाबदार आहेत, असे मिशॉचे मत होते. समाजाला उपदेश करून स्वतः ऐषारामात राहणारा धर्मगुरू हे पात्र पुढे त्याच्या लिखाणात आणि चित्रपटांत पुन्हा पुन्हा येते, त्याचे मूळ इथे आहे.

शेती हातची गेल्यावर तो लेखनाकडे वळला. १९१३ मध्ये त्याची पहिली कादंबरी 'द कॉन्क्वेस्ट' निनावी प्रसिद्ध झाली. तिच्यात त्याचेच आयुष्य होते. (त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.) मिशॉने ही पुस्तके दारोदार जाऊन विकली. गोऱ्या शेतकऱ्यांच्या अंगणात उभे राहून आपलीच कहाणी खपवायची, हे सोपे नव्हते. पण पुस्तक लिहिणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे काम कुणी आपल्यासाठी करत नाही, हे तो इथेच शिकला.

१९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. या चित्रपटाने कृष्णवर्णीय पुरुषांना हिंस्र दाखवले आणि कू क्लक्स क्लॅन या दहशतवादी संघटनेला तारणहार बनवले. तंत्राच्या दृष्टीने तो त्या काळातला अत्यंत प्रगत चित्रपट होता आणि म्हणूनच अधिक घातक होता. अमेरिकेत जागोजागी निदर्शने झाली, बंदीची मागणी झाली. चित्रपट मात्र तुफान चालला आणि त्याच वर्षी क्लॅनची नव्याने स्थापना झाली. निषेध आवश्यक होता, पण केवळ निषेधाने पडद्यावरचे चित्र बदलले नाही.

१९१७ मध्ये मिशॉची 'द होमस्टेडर' ही कादंबरी आली. लिंकन मोशन पिक्चर कंपनी या कृष्णवर्णीयांच्याच कंपनीने तिचे चित्रपट हक्क मागितले. मिशॉची अट होती की चित्रपटाच्या निर्मितीत आपला हात असला पाहिजे. बोलणी फिसकटली. तेव्हा त्याने स्वतःची कंपनी काढली. त्याला चित्रपट बनवण्याचा कसलाही अनुभव नव्हता. भांडवलासाठी तो पुन्हा आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या आसपासच्या शेतकऱ्यांकडे गेला आणि ७५ ते १०० डॉलरचे शेअर विकले. कालपर्यंत पुस्तक विकत घेणारे गोरे शेतकरी आता त्याच्या कंपनीचे भागधारक झाले. फेब्रुवारी १९१९ मध्ये 'द होमस्टेडर' शिकागोत प्रदर्शित झाला. कृष्णवर्णीय निर्माता-दिग्दर्शकाने बनवलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो.

त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोत वांशिक दंगल झाली. ३८ माणसे मेली, त्यातली २३ कृष्णवर्णीय होती. या दंगलीनंतर काही महिन्यांतच मिशॉ 'विदिन अवर गेट्स' घेऊन सेन्सॉर मंडळापुढे उभा राहिला. चित्रपटात सिल्व्हिया नावाची शिक्षिका गरीब मुलांच्या शाळेसाठी पैसे उभे करायला उत्तरेकडे जाते. मग तिचा भूतकाळ उलगडतो. तिला वाढवणारा बाप जमीनदाराकडे वाट्याने शेती करतो. मुलीमुळे आता हिशेब वाचता येतो, म्हणून तो हिशेब मागायला जातो. जमीनदाराचा खून दुसराच कुणी करतो, आळ याच्यावर येतो आणि गोरा जमाव नवरा-बायकोला फासावर लटकवतो. दुसरीकडे जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियावर अत्याचाराचा प्रयत्न करतो आणि ती त्याचीच मुलगी असल्याचे उघड होते. ग्रिफिथने कृष्णवर्णीय पुरुषावर केलेला आरोप मिशॉने असा सबळ पुराव्यानिशी उलटवला. बलात्काराचा खरा इतिहास कुणाचा आहे, हे त्याने दाखवले.

दंगल पुन्हा भडकेल म्हणून मंडळाने आधी परवानगी नाकारली. पुढे काटछाट करून चित्रपट दाखवला गेला, दक्षिणेतल्या काही चित्रपटगृहांनी तो घेतलाच नाही. अत्याचार करणाऱ्यांमुळे शांतता बिघडत नाही, अत्याचार दाखवणाऱ्यामुळे बिघडते, हा युक्तिवाद आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना नवा नाही.

या चित्रपटातली आणखी दोन पात्रे आपण नीट पाहिली पाहिजेत. एक नोकर गोऱ्यांची मर्जी राखण्यासाठी आपल्याच माणसाविरुद्ध चहाडी करतो आणि जमाव शेवटी त्यालाही सोडत नाही. एक धर्मोपदेशक लोकांना सांगतो की या जन्मी सोसा, स्वर्ग तुमचाच आहे. गोऱ्यांच्या लाथा तो हसत खातो आणि एकटा असताना आपण काय विकले हे त्याला उमगते. मिशॉने बाहेरच्या शत्रूबरोबर आतली गुलामीही दाखवली. १९२५ च्या 'बॉडी अँड सोल'मध्ये पॉल रॉबसन प्रथमच पडद्यावर आला, तोही भोंदू धर्मोपदेशकाच्या भूमिकेत. न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने त्यात मोठे बदल करायला लावले.

मिशॉची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तो पटकथा आणि कलाकारांचे फोटो घेऊन चित्रपटगृहांच्या मालकांकडे जायचा, आगाऊ रक्कम घ्यायचा आणि त्यातून पुढचा चित्रपट करायचा. ओळखीच्यांच्या घरात चित्रीकरण व्हायचे. रीटेकला पैसे नसायचे, त्यामुळे चुका तशाच राहायच्या. प्रती मोजक्या असल्याने एकाच गावातून दुसऱ्या गावात फिरायच्या. अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांना गोऱ्यांबरोबर बसता येत नसे. त्यांच्यासाठी वेगळी चित्रपटगृहे होती किंवा मध्यरात्रीचे खेळ असत. या वेगळ्या पाडलेल्या प्रेक्षकांनाच मिशॉने आपला आधार बनवले. १९२८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तरी तो थांबला नाही. त्याची दुसरी पत्नी अ‍ॅलिस रसेल ही अभिनेत्री होती आणि या कामात तिची मोठी साथ होती. १९३१ चा 'द एक्झाइल' हा कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट ठरला. तीस वर्षांत त्याने चाळीसहून अधिक चित्रपट केले.

त्याच्यावर टीकाही झाली आणि ती सगळी खोटी नव्हती. त्याचे नायक-नायिका बहुधा उजळ वर्णाचे असत. तो बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या स्वावलंबनाच्या विचाराचा होता. कष्ट करा, जमीन घ्या, पुढे जा, या सांगण्यात व्यवस्थेच्या दोषापेक्षा माणसाच्या आळसाला कधी कधी जास्त दोष मिळायचा. १९३८ च्या 'गॉड्स स्टेप चिल्ड्रन'विरुद्ध हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांनीच निदर्शने केली आणि चित्रपट उतरवावा लागला. बाबासाहेबांनीही आपल्याला स्वाभिमान आणि स्वावलंबन शिकवले, पण त्याबरोबर संघर्ष आणि संघटनही दिले. हक्काच्या लढ्याशिवायचे स्वावलंबन मूठभरांना वर नेते. मिशॉच्या विचाराची मर्यादा इथे दिसते.

१९४८ चा 'द बिट्रेयल' हा त्याचा शेवटचा चित्रपट. तीन तासांहून लांब असलेला हा चित्रपट पडला. २५ मार्च १९५१ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहरात, प्रवासात असतानाच, त्याचे निधन झाले. कॅन्ससमधील ग्रेट बेंड इथे त्याला पुरले. कबरीवर नीट दगड लागायला १९८८ साल उजाडावे लागले. त्याआधी १९८७ मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसवला गेला आणि २०१० मध्ये टपाल तिकीट निघाले.

त्याचे निम्म्याहून अधिक चित्रपट मात्र हरवले आहेत. 'विदिन अवर गेट्स'ची एक प्रत स्पेनमध्ये वेगळ्या नावाने सापडली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ती दुरुस्त केली. हा चित्रपट आज आपण पाहू शकतो तो परदेशातल्या एका संग्रहामुळे. मिशॉची कंपनी ही एका माणसाची कंपनी होती. माणूस गेला आणि कंपनीही गेली, जतन करायला मागे संस्था उरली नाही.

आज 'फँड्री'सारखा चित्रपट येतो, तमिळमध्ये पा. रंजित यांची नीलम प्रॉडक्शन्स उभी राहते, आपली मुले मोबाईलवर माहितीपट करतात. ही मोठी गोष्ट आहे. पण आपल्या वस्त्यांमध्ये भीमगीतांच्या कॅसेट सडत आहेत, जुन्या मोर्चांच्या व्हिडिओ टेप बुरशीने जात आहेत, जलशांच्या वह्या रद्दीत चालल्या आहेत. प्रत्येक विहाराच्या समितीने एक संगणक, एक हार्ड डिस्क आणि दोन तरुण एवढी जबाबदारी घेतली तर यातले बरेच वाचेल. वर्गणी काढून जयंती करणाऱ्या समाजाला हे अवघड नाही. मिशॉने शेअर विकून पडदा उभा केला, तो टिकवण्याची व्यवस्था मात्र त्याला करता आली नाही. ती आपल्याला करता येते. येत्या जयंतीच्या नियोजनाच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा.

जय भीम!