फर्ग्युसन, पण कॉलेजवाला नव्हे!

फर्ग्युसन म्हटलं की आपल्याला पुण्यातलं कॉलेज आठवतं. ते नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं. कॉलेज सुरू झालं १८८५ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १८८४ रोजी, आयर्लंडच्या उत्तर भागात डाऊन परगण्यातल्या ड्रोमोर गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरात दुसरा एक फर्ग्युसन जन्माला आला. त्याचं नाव हॅरी. हा फर्ग्युसन आपल्या खेड्यापाड्यांतल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बसलेला आहे, पण आपण नुसतं ‘मॅसी’ म्हणतो आणि पुढचं आडनाव गिळून टाकतो.

मी वेम्बलीत राहतो, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी जुने छोटे ट्रॅक्टर दुरुस्त करतो. घरामागच्या शेडमध्ये बागेतला हातट्रॅक्टर कसाबसा मावतो. त्याहून मोठं काम असेल तर लंडनबाहेर एका मित्राच्या जुन्या गोठ्यात. ब्रिटनमध्ये हा छंद असलेले लोक खूप आहेत आणि त्या सगळ्यांची गाठ कधी ना कधी एका राखाडी, बुटक्या ट्रॅक्टरशी पडतेच. त्याचं कागदोपत्री नाव टीई-२०, लाडाचं नाव ‘लिटल ग्रे फर्गी’. तो खोलून पुन्हा जोडताना ज्या माणसानं तो घडवला त्याच्याबद्दल कुतूहल वाटल्याशिवाय राहत नाही. म्हणून ही त्याची गोष्ट.

हॅरी अकरा भावंडांतला चौथा. वडील कडक धार्मिक, घरात शिस्त मोठी. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि शेतावर राबणं सुरू झालं. त्याला ते काम मनापासून नावडायचं. १९०२ साली पोरगा कॅनडाला निघून जायच्या बेतात होता. आपल्यासारखाच परदेशी स्थायिक झाला असता! पण थोरला भाऊ जो यानं बेलफास्टमध्ये सायकली आणि मोटारी दुरुस्त करण्याचं गॅरेज काढलं होतं, त्यानं याला हाताखाली घेतलं. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारा हा पोरगा लवकरच मोटारसायकलच्या शर्यतींत नाव काढू लागला. मग विमानाचं वेड लागलं. प्रदर्शनांत विमानं पाहून आला आणि स्वतःच एक बांधलं. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरोला वाऱ्यावाऱ्यात ते सुमारे १३० यार्ड उडालं. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण.

इथे मला नेहमी आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. तेही बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरू झाले आणि लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले. हॅरी हिल्सबरोला उडाला, त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, मार्च १९१० मध्ये, कुंडल स्टेशनजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. दोघांची भेट झाल्याचं काही माझ्या वाचनात नाही, पण दोघांच्याही आयुष्याला वळण नांगरानंच दिलं.

हॅरीच्या बाबतीत ते पहिल्या महायुद्धात घडलं. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, धान्य कमी पडत होतं, सरकारनं अमेरिकेतून ट्रॅक्टर आणले होते. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेती खात्यानं या ट्रॅक्टरांचं काम सुधारायची जबाबदारी हॅरीवर टाकली. सोबत होता त्याचा कुशल मेकॅनिक विली सँड्स. दोघं गावोगाव फिरले आणि त्यांच्या लक्षात आलं की लोकांनी घोडे काढून तिथे ट्रॅक्टर लावलाय, बाकी काही बदललेलं नाही. नांगर मागे साखळीनं ओढला जायचा. फाळ जमिनीतल्या दगडात अडकला की नांगर थांबायचा, पण ट्रॅक्टरची मागची चाकं जोर लावतच राहायची. मग पुढचं तोंड वर उचललं जायचं आणि अख्खा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा पडायचा. अशी कित्येक माणसं मेली. हे टाळायला ट्रॅक्टर जड करत गेले, तर माती दबून दगड व्हायची.

हॅरीचं म्हणणं वेगळं होतं. ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन यंत्रं नव्हेतच, दोघं मिळून एकच यंत्र आहे. नांगर मागे ओढायचा नाही, ट्रॅक्टरच्या पाठीवरच बसवायचा. खाली दोन दांडे, वर मध्यभागी एक, अशा तीन ठिकाणी तो जोडायचा. खालचे दांडे ओढतात. नांगराला मातीचा विरोध झाला की वरचा दांडा पुढे ढकलला जातो आणि ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबून धरतो. शिवाय त्याच दांड्यामागे एक स्प्रिंग असते. फाळ खोल घुसला की स्प्रिंग जास्त दाबली जाते, तेलाचा व्हॉल्व्ह सरकतो आणि हायड्रॉलिक हात नांगर जरासा वर घेतात. ओढ कमी झाली की पुन्हा खाली. चालवणाऱ्यानं काहीही न करता हे चालू राहतं. आणि नांगराचं ओझं मागच्या चाकांवर येत असल्यानं हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. आम्ही प्रोग्रॅमर ज्याला फीडबॅक लूप म्हणतो, तो या माणसानं स्प्रिंग आणि तेल यांच्यात बसवला. त्याचं पेटंट १९२६ चं आहे.

कल्पना सुचली तरी ती विकायला आणखी दहा वर्षं गेली. १९३३ मध्ये बेलफास्टला एक नमुना तयार झाला. त्याला काळा रंग दिला होता म्हणून तो ‘ब्लॅक ट्रॅक्टर’. तो पुढे लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात गेला. नंतर हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राऊनबरोबर भागीदारी झाली, १९३६ पासून सुमारे १,३५० ट्रॅक्टर निघाले, आणि भागीदारी फिसकटली. हॅरीशी जमवून घेणं सोपं नव्हतं. माणूस कमालीचा टापटिपीचा. सुटाला डाग चालायचा नाही, स्क्रू इंचभर इकडचा तिकडे झालेला चालायचा नाही, आणि आपलं म्हणणं तर मुळीच मागे घ्यायचं नाही.

ऑक्टोबर १९३८ मध्ये तो एक ट्रॅक्टर जहाजावर चढवून अमेरिकेत हेन्री फोर्डकडे गेला. फोर्डच्या शेतात प्रात्यक्षिक झालं. दोघंही शेतकऱ्यांची मुलं, दोघांचीही मुळं आयर्लंडची. टेबलाशी बसून बोलणं झालं आणि दोघांनी हातात हात मिळवला. फोर्डनं ट्रॅक्टर बनवायचे, हॅरीनं विकायचे. कागद नाही, सही नाही, वकील नाही. जगातल्या मोठ्या व्यवहारांपैकी एक, नुसत्या शब्दावर! आठ-नऊ वर्षांत तीन लाखांवर ट्रॅक्टर निघाले.

मग म्हातारे फोर्ड कारभारातून गेले आणि नातू आला. त्यानं हिशेब पाहिला, कंपनी तोट्यात दिसली, करार संपवला. १९४७ मध्ये फोर्डचा नवा ट्रॅक्टर बाजारात आला आणि त्याच्या पाठीवर तीच तीन हातांची जोडणी होती. हॅरीनं २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. खटला चार वर्षं चालला. १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख, म्हणजे ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मागितलेल्या रकमेच्या चार टक्केसुद्धा नाहीत. पण शब्द मोडणाऱ्याला पैसे मोजावे लागले, एवढं समाधान त्याला मिळालं.

मधल्या काळात त्यानं इंग्लंडमध्ये दुसरा संसार थाटला होता. कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेनमध्ये युद्धकाळात विमानांची इंजिनं बनवणारा कारखाना होता, तिथे स्टँडर्ड मोटर कंपनीनं १९४६ पासून त्याचा राखाडी टीई-२० बनवायला घेतला. १९५६ पर्यंत पाच लाखांहून जास्त निघाले. प्रात्यक्षिकाला त्याची माणसं दोरी लावून खोलीएवढी जागा आखायची आणि तेवढ्यात नांगरून दाखवायची. थोडीच जमीन असलेल्या माणसालाही यंत्र परवडलं पाहिजे, हा त्याचा ध्यास होता. १९४८ साली लंडनच्या क्लॅरिजेस या बड्या हॉटेलात त्यानं ट्रॅक्टर आणला आणि सुटाबुटात स्वतः चालवत पायऱ्यांवरून खाली नेला!

आज तो दुरुस्त करताना त्या माणसाचा स्वभाव हाताला लागतो. जवळपास सगळं काम एकाच पान्यानं व्हावं अशी योजना आहे, आणि त्या पान्यावर इंचांच्या खुणा, म्हणजे मोजपट्टी वेगळी नको. गिअरचा दांडा ‘एस’वर नेल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, त्यामुळे गिअरमध्ये असताना चुकून ट्रॅक्टर पुढे झेपावत नाही. हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्सच्या तेलातच बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर चालतो. म्हणून पीटीओचा दांडा गुंतवलेला नसेल तर लिफ्ट उठत नाही. नवखा माणूस पंप खोलायला निघतो, जुना जाणता आधी तो दांडा पाहतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं यंत्र आजही साध्या हत्यारांनी उभं राहतं. माझा लॅपटॉप चार वर्षांत उघडतासुद्धा येत नाही, हा फरक जाणवतो.

१९५३ मध्ये हॅरीनं आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक राहिला, तर यानं नाणेफेकीनं निकाल लावू म्हटलं. हरला, आणि शांतपणे मान्य केलं. पण नव्या कंपनीत दुसऱ्याचं ऐकणं जमेना. वर्षभरात तोही संबंध संपला. मग चारही चाकांवर चालणाऱ्या मोटारीच्या मागे लागला. तिकडे जानेवारी १९५८ मध्ये आपला एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून दक्षिण ध्रुवावर पोहोचला. इकडे हॅरीला मात्र झोप येत नव्हती, मन खचलेलं असायचं. २५ ऑक्टोबर १९६० रोजी तो घरी मृतावस्थेत सापडला. झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाली होती. ती चुकून की जाणूनबुजून, हे चौकशीत ठरलं नाही. त्याची मोटार पुढच्याच वर्षी स्टर्लिंग मॉसनं शर्यतीत जिंकून दाखवली. ते पाहायला तो नव्हता.

भाऊ, ब्राऊन, फोर्ड, मॅसी. यंत्राला यंत्र जोडण्यात हयात घालवलेल्या या माणसाला माणसं फार काळ जोडून ठेवता आली नाहीत. आणि ज्या जोडणीसाठी तो कोर्टात भांडला, ती आता कुणा एकाची राहिलेली नाही. पेटंटं केव्हाच संपली. महिंद्रा घ्या, स्वराज घ्या, जॉन डिअर घ्या, मागची तीन हातांची रचना तीच. त्यामुळे एका कंपनीचा रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला लागतो, आणि गावात चार घरांत मिळून एक अवजार फिरतं. थोडी जमीन असलेल्या माणसाला हेच हवं होतं, आणि हॅरीलाही.

पुढच्या सुट्टीत गावी गेलात की शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला जरा वाकून बघा. पोरांनाही दाखवा. आणि नाव सांगताना ‘मॅसी’वर थांबू नका, पूर्ण सांगा.