बॅबेजचं अपुरं यंत्र

सीपीयू, मेमरी, इनपुट, आउटपुट हे शब्द आपण वायवाला घडाघडा म्हणतो. मला ते खऱ्या अर्थाने कळले चार्ल्स बॅबेजच्या आयुष्याबद्दल वाचताना.

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१चा, लंडनमधला. त्या काळी जहाजाची जागा काढायला आकड्यांचे छापील तक्ते लागत. ते माणसंच हाताने तयार करत, त्यामुळे चुका ठरलेल्या. समुद्रात चुकीचा आकडा म्हणजे जिवाशी खेळ! म्हणून बॅबेजने तक्ते करणारं यंत्रच बनवायचं ठरवलं. १८२२ मध्ये त्याने ‘डिफरन्स इंजिन’चा छोटा नमुना दाखवला. ब्रिटिश सरकारने पुढे सुमारे १७,००० पौंड खर्च केले. पण यंत्र बनवणाऱ्या जोसेफ क्लेमंटशी पैशांवरून बिनसलं आणि १८३३ मध्ये काम बंद पडलं.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. हा पठ्ठ्या १८३४ पासून त्याहून मोठ्या ‘ॲनालिटिकल इंजिन’च्या मागे लागला! त्यात आकडे साठवायला ‘स्टोअर’ होतं, म्हणजे आपली मेमरी. आकडेमोड करायला ‘मिल’, म्हणजे प्रोसेसर. गिरणीत दळण टाकावं तसे स्टोअरमधले आकडे मिलमध्ये जायचे आणि उत्तर परत स्टोअरमध्ये यायचं. भोकं पाडलेली कार्डं हे इनपुट. ही कल्पना जॅकार्डच्या विणकामाच्या मागावरून घेतलेली. उत्तर छापणारं यंत्र हे आउटपुट. दांते, चाकं म्हणजे हार्डवेअर, तर कार्डांवरच्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. एडा लव्हलेसने १८४३ मध्ये अशा सूचनांचा क्रम छापूनही दाखवला.

ऑपरेटिंग सिस्टीम मात्र नव्हती. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे माणसानेच बघायचं. आज आपण गाणी ऐकत प्रोग्रॅम लिहितो, तेव्हा कोणाला किती मेमरी आणि प्रोसेसरचा किती वेळ द्यायचा, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते.

१८४२ मध्ये सरकारने हात काढून घेतला. बॅबेज मात्र शेवटपर्यंत नकाशे काढत, बदलत राहिला. १८ ऑक्टोबर १८७१ला तो गेला, तेव्हा यातलं एकही यंत्र पूर्ण झालेलं नव्हतं.

त्याच्या ‘डिफरन्स इंजिन नंबर २’चे नकाशे जपून राहिले. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यावरून १९९१ मध्ये गणित करणारा भाग बांधला. आणि तो बिनचूक चालला!

प्रोजेक्ट अर्धवट राहिला तरी चालेल, पण दोस्तहो, ड्रॉइंग नीट ठेवा.