ब्रह्मबांधव उपाध्याय : भगव्या वस्त्रातील ख्रिस्तभक्त

ख्रिस्ती होणे म्हणजे देशाकडे व संस्कृतीकडे पाठ फिरवणे, हा गैरसमज आपल्याला आजही वारंवार ऐकावा लागतो. तो दूर करण्यासाठी आयुष्य वेचलेल्या एका कॅथलिक संन्याशाचे आपण स्मरण करू या.

भवानीचरण बंद्योपाध्याय ह्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६१ रोजी बंगालमधील खन्यान गावी ब्राह्मण कुटुंबात झाला. केशवचंद्र सेन ह्यांच्या प्रभावाने ते ब्राह्म समाजात गेले व तेथेच ख्रिस्ताकडे आकृष्ट झाले. १८९१ साली त्यांनी प्रथम अँग्लिकन धर्मगुरूंकडून स्नानसंस्कार घेतला आणि त्याच वर्षी कराचीत ते कॅथलिक ख्रिस्तसभेत दाखल झाले.

राजा राममोहन रॉय ह्यांनी १८२० साली येशूच्या शिकवणुकीचे संकलन प्रसिद्ध केले होते. पुढे मात्र सुशिक्षित बंगाली समाजाच्या मनातील ख्रिस्ती धर्माविषयीचा आदर ओसरत गेला. क्रूस आणि राज्यकर्त्यांचे निशाण एकच, असे लोकांना वाटू लागले. श्रद्धावंतांचा पेहराव, नावे व राहणीही ह्या समजाला बळ देत होती.

भवानीचरणांनी १८९४ साली ब्रह्मबांधव हे नाव धारण केले, भगवी वस्त्रे परिधान केली व गळ्यात क्रूस घातला. जन्माने आपण हिंदू व श्रद्धेने कॅथलिक आहोत, अशी त्यांची धारणा होती. ‘सोफिया’ नियतकालिकातून त्यांनी ख्रिस्ती तत्त्वज्ञान भारतीय परिभाषेत मांडले आणि पवित्र त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून वंदन करणारे संस्कृत स्तोत्र रचले. १८९९ साली जबलपूरजवळ नर्मदातीरी त्यांनी कॅथलिक मठ उभारला. नागपूरच्या महागुरूंची त्याला अनुकूलता होती. परंतु पोपमहोदयांच्या भारतातील प्रतिनिधींना हा प्रयोग मान्य झाला नाही. मठ बंद पडला, ‘सोफिया’ वाचण्यास श्रद्धावंतांना मनाई झाली.

१९०१ साली रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनातील शाळेच्या उभारणीत त्यांनी साहाय्य केले. १९०४ पासून ‘संध्या’ दैनिकातून ते स्वातंत्र्याचा पुरस्कार करू लागले. १९०७ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. परकीय न्यायालयाचा अधिकार त्यांनी मानला नाही. खटला चालू असतानाच, शस्त्रक्रियेनंतर २७ ऑक्टोबर १९०७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी हिंदू पद्धतीने प्रायश्चित्त घेतले होते व अंत्यसंस्कारही त्याच पद्धतीने झाले. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेविषयी तेव्हा सुरू झालेला वाद पुढेही चालू राहिला. त्यांचे लेखनही काही ठिकाणी प्रखर व कटू होते, हे आपण नाकारू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) स्थानिक संस्कृतीतील सत्य व पवित्र ते स्वीकारण्याची शिकवण दिली. ब्रह्मबांधव सहा दशके आधी त्याच वाटेवर एकटे चालले होते. आपल्याविषयीच्या गैरसमजाचा दोष केवळ इतरांना देऊन भागणार नाही. आपली भाषा, आपले सण, शेजाऱ्याच्या सुखदुःखातील आपला सहभाग ह्यांतून येशू ह्या मातीला आपला वाटतो का, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा.