अक्षरांशीं खेळणारे कविवर्य मोरोपंत

ज्या कवीचें चरित्र आम्ही येथें देत आहों, त्यांचें नांव निघतांच पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळास आठ्या पडतात, हें आम्हांस ठाऊक आहे. लांबलचक समास, दुर्घट संस्कृत शब्द आणि जागोजाग यमकें! परंतु हाच कवि मनानें मोठा खेळकर होता, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें.

मोरोपंत रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडावर झाला. केशव व गणेश पाध्ये या विद्वान् बंधूंपाशीं त्यांचें अध्ययन झालें. पुढें ते बारामतीस येऊन बाबूजी नाईक यांच्या आश्रयास राहिले व पुराण सांगूं लागले. १७६१ सालीं पानिपत झालें, पेशव्यांमागून पेशवे गेले. पंत आपले आर्या रचण्यांत मग्न होते. सगळें महाभारत त्यांनीं मराठींत उतरविलें.

रामकथा मात्र एकदां सांगून त्यांची तृप्ति झाली नाहीं. १०८ रामायणें त्यांच्या नांवावर सांगतात, आणि त्यांतील कित्येकांस निरनिराळे नियम आहेत. निरोष्ठ रामायणाचेंच पहा. प, फ, ब, भ, म हीं ओंठ मिटून उच्चारावयाचीं अक्षरें त्यांत वर्ज्य! म्हणजे 'राम' हें नांवच गेलें. लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुति गेला. बिभीषण व कुंभकर्ण हेही गेले. सीता तेवढी राहिली. (मोरोपंत हें स्वतःचें नांवही कवीस त्यांत घालतां येऊं नये, ही गंमत निराळीच.) अशा वेळीं नायकाची ओळख त्याच्या नात्यांवरून आणि कृत्यांवरून द्यावी लागते. कोठें तो दशरथाचा ज्येष्ठ, कोठें सीतेचा नाथ. आणि याच ठिकाणीं हेंच नातें कां सांगितलें, असा प्रश्न वाचकास प्रत्येक पदाशीं पडतो. तो पडला कीं काव्य वाचावयास आरंभ झाला.

वर्गांत हाच खेळ आम्ही मुलांकडून गद्यांत करवितों. पहिल्याच वाक्यास कोणाचे तरी ओंठ मिटतात व हंशा पिकतो. मग 'वनवास' शब्द चालेल कीं नाहीं, 'व' ओंठांचा कीं दांतांचा, असा वाद माजतो. आणि वर्णांचीं स्थानें, जीं पाठ होतां होत नाहींत, तीं सर्वांस कळून चुकतात.

पंतांचा प्रत्येक खेळ साधला आहे, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. यमकासाठीं अर्थाची ओढाताण झालेलीं स्थळें पुष्कळ आहेत, आणि तेथें विद्यार्थी कंटाळला तर दोष त्याचा नव्हे. पण 'केकावली' उघडावी. मोर म्हणजे मयूर, आणि मयूराचा टाहो ती केका. पंतांनीं आपल्या नांवावरच श्लेष केला, आणि मोरानें मेघास आळवावें तसें देवास आळविलें. एवढा पंडित, पण येथें त्याची सारी विद्वत्ता पांखराच्या हांकेंत विरून गेली आहे. हा श्लेष काढून टाकला तर काव्याचा प्राणच जाईल.

१७९४ सालीं चैत्री पौर्णिमेस बारामतीस पंतांनीं देह ठेविला. त्यांच्या केकांवर पुढें दादोबा पांडुरंग यांनीं टीका लिहिली, ती १८६५ सालीं निघाली. हे दादोबा मराठीचे मोठे व्याकरणकार. टीकेस नांव देतांना त्यांनाही खेळ सुचला: आईबापांचीं नांवें जोडून त्यांनीं तिला 'यशोदा-पांडुरंगी' म्हटलें.