विश्लेषण : सर्पगंधेच्या मुळीपासून संत्र्यावरच्या चिलटापर्यंत… डॉ. रुस्तम जाल वकील आणि डोपामिन

नागपुरात संत्री उतरली की कुजक्या फळाभोवती बारीक चिलटे घोंघावू लागतात. वासाच्या मागावर निघालेले चिलट कधी वळते, कधी वेग घेते. त्याच्या मेंदूत त्या वेळी काय चालते, हे आता मोजता येते, आणि तिथे भेटते ते डोपामिन नावाचे रसायन. हालचाल आणि डोपामिन यांचे नाते कळले ते एका औषधामुळे. ते औषध जगापुढे आणण्यात मुंबईच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा होता.

कोण होते डॉ. वकील?

नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’तल्या विद्यार्थ्यांना वकील-गोलवाला हे रुग्णतपासणीचे पुस्तक नवे नाही. त्यातले वकील हेच. जन्म १९११. लंडनमध्ये शिकून ते मुंबईत परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगावर काम करू लागले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हते.

सर्पगंधाच का?

ही मुळी आपल्याकडे जुनीच. बिहारकडे ती ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखली जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याचे सेन आणि बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असे लिहिले होते, पण परदेशात कोणी दखल घेतली नाही. वकिलांनी ५० रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता. तो लेख वाचून बोस्टनमध्ये चाचण्या सुरू झाल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतले रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले.

मग डोपामिन कुठून आले?

औषधाची दुसरी बाजू नंतर दिसली. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होत, काहींचे हातपाय ताठ होऊन कापू लागत, अगदी कंपवातासारखे. पेशी डोपामिन बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. रेसर्पिन हे भरणेच थांबवते, म्हणून साठा संपतो. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले. ससे थोड्याच वेळात उठून चालू लागले. कंपवातावरच्या एल-डोपा उपचाराची वाट इथूनच निघाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. वकील १९७४ मध्येच गेले होते.

चिलटाचा काय संबंध?

रेसर्पिन दिलेले चिलटही मंदावते. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी वासाचा माग काढणाऱ्या चिलटांच्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. चिलट वळून माग काढत असेल तर पेशींची लय वळणांशी जुळे, वेगाने काढत असेल तर वेगाशी. म्हणजे माग काढायला जी हालचाल कामाची, तिचेच प्रतिबिंब पेशींत ठळक पडते. हे निव्वळ प्रतिबिंबही नाही. डोपामिनच्या संदेशात मध्येच फेरफार केला तर चिलटाचा वासामागचा नेटही बदलतो.