जुन्नरचा साग आणि बाजीरावांचा वाडा

आमच्या लहानपणी जुन्नरकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसापुढे शनिवारवाड्याचे नाव काढले की तो आधी सावरून बसायचा. वाडा पेशव्यांचा असेल, पण लाकूड आमचे, असा त्याचा रोख असे. त्यात बढाई नव्हती. पहिल्या बाजीरावांनी पुण्यात वाडा बांधायला काढला तेव्हा दगड चिंचवडच्या खाणींतून आला, चुना जेजुरीकडून आणि साग जुन्नरच्या जंगलातून. नकाशा पाहिला तर त्या सागाच्या वाटेत कुकडी, मीना, घोड, भीमा, इंद्रायणी एवढ्या नद्या लागतात. मात्र त्या सागाचे पुढे काय झाले, हे सांगायची वेळ आली की म्हातारबाबा तंबाखू मळायला घेत.

दोन वर्षांपूर्वी घोडेगावच्या आमच्या जुन्या वाड्यात रात्री माडीवर धूर कोंडला, तेव्हापासून मी ही गोष्ट पुन्हा उकरून काढली आहे. सुरुवात अर्थात बाजीरावांपासून.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा, सिन्नरजवळच्या डुबेरे गावी, आई राधाबाईंच्या माहेरी. वडील बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले आणि शाहूमहाराजांनी पेशवाईची वस्त्रे या पोराला दिली. वय विशीच्याही आत. दरबारातल्या पिकल्या मिशांना ते रुचले नाही, पण महाराजांची पारख खरी ठरली. पुढली वीस वर्षे बाजीरावांनी बहुतेक घोड्यावरच काढली. १७२८ मध्ये पालखेडला निजामाच्या जड तोफखान्याशी समोरासमोर न भिडता त्याला पाण्यावाचून आणि रसदेवाचून कोंडीत धरले. पुढच्या वर्षी बुंदेलखंडात जाऊन वृद्ध छत्रसालाला सोडवले.

एवढे झाल्यावर या फिरत्या माणसाला घर सुचले. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. मूळचा वाडा बेताचा, दुमजली होता. भोवतीचा कोट आणि उत्तरेचा दिल्ली दरवाजा पुढे नानासाहेबांच्या काळात पुरा झाला. सगळे बांधकाम दगडात करायचा बाजीरावांचा विचार होता, पण दगडी वास्तूचा मान छत्रपतींचा म्हणून खाली दगड आणि वर वीट-लाकूड अशी तडजोड झाली, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, वाड्याचे भवितव्य त्या तडजोडीत लिहिले गेले.

शत्रूचा विचार मात्र कसून केलेला दिसतो. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे आहेत. आत शिरले की वाट सरळ जात नाही, वळते, म्हणजे धावत आलेल्याचा जोर मोडावा. बुरुज आहेत, बुरुजांवर तोफांच्या जागा आहेत.

धनी स्वतः त्या घरात किती राहिले? फार थोडे. मार्च १७३७ मध्ये ते अचानक दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले आणि बादशहाची झोप उडवून परतले. त्याच वर्षअखेरीस भोपाळजवळ निजामाला पुन्हा कोंडले. १७३९ मध्ये धाकट्या चिमाजीअप्पांनी वसई घेतली. भीमाशंकरच्या देवळापाशी टांगलेली पोर्तुगीज घंटा त्याच विजयाची खूण मानतात. घरात मात्र वेगळेच युद्ध चालू होते. काशीबाई शेजारच्याच खेड तालुक्यातल्या चासच्या जोशांची लेक. बुंदेलखंडातून आलेल्या मस्तानीला घरच्यांनी कधी आपले मानले नाही. बाजीराव मोहिमेवर असताना तिला कैदेत टाकण्यापर्यंत मजल गेली. ज्याच्या दारावर हत्ती थोपवायचे खिळे, त्याला माजघरातला हा जाळ विझवता आला नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला तापाने त्यांचा अंत झाला. चाळिशीही गाठली नव्हती. मस्तानीही त्याच वर्षी गेली. आंबेगावच्या सीमेपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या पाबळला तिची कबर आहे.

वाडा मात्र वाढत गेला. मुलानातवंडांनी चौक जोडले, मजले चढवले. सात मजल्यांपर्यंत तो गेला आणि वरच्या मेघडंबरीतून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, असे सांगतात. आजच्या राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच वास्तू उंच इमारतीत मोडते आणि तिला गच्चीवर पाण्याची टाकी, पंप, प्रत्येक मजल्यावर पाण्याचा उभा नळ, सुटकेचा जिना असा सारा जामानिमा लागतो. सात मजल्यांचा हा वाडा त्या हिशेबात सहज बसला असता. पाण्याची वाण नव्हती. नानासाहेबांनी कात्रजहून नळ आणला होता, हौद भरलेले असत, कारंजी उडत. पण चौकातले पाणी पाचव्या-सहाव्या मजल्यावर न्यायचे ते माणसांच्या हातांनीच, अरुंद जिन्यांतून.

आगीने सूचनाही बऱ्याच दिल्या. १७९१, १८०८, १८१२ अशा वेळोवेळी वाड्याचा कुठला ना कुठला भाग जळाला. दर वेळी डागडुजी झाली असेल, पण लाकडाच्या जागी लाकूडच आले. १८१७ मध्ये वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. नंतर तिथे तुरुंग आला, दवाखाना आला, वेड्यांचे इस्पितळही आले. घराची काळजी घ्यायला घरचे माणूस उरले नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटलेली आग सात दिवस चालली म्हणतात. जुन्नरचा साग त्यात गेला.

साग एवढा टणक, मग जळला कसा, हा प्रश्न मी आमच्या सुताराला विचारला होता. त्याचे उत्तर मला पटले आणि पुढे वाचनातही तेच सापडले. जाड खांब किंवा तुळई सहजी जळत नाही. वरचा थर कोळसा होतो आणि तोच आतल्या लाकडाला पांघरुणासारखा झाकतो. टणक लाकूड मिनिटाला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर आत जळते. घात होतो पातळ लाकडाचा. तक्तपोशीच्या फळ्या, जाळ्या, सज्जे, पडदे आधी पेटतात. तक्तपोशी आणि वरच्या जमिनीमधल्या पोकळीत आग दिसेनाशी होऊन लांबवर पळते आणि भिंतीतला जिना धुराड्याचे काम करतो. दिल्ली दरवाजा आणि त्यावरचा लाकडी नगारखाना वाचला, तो मुख्य इमारतीपासून सुटा होता म्हणून, असे मला वाटते. मोकळी जागा हा सगळ्यांत जुना बंदोबस्त.

पॅरिसच्या नोत्र दामचे १५ एप्रिल २०१९ रोजी असेच झाले. छपरातला शेकडो वर्षांचा ओकचा सांगाडा एका संध्याकाळीत गेला. फ्रेंचांनी तो पुन्हा ओकमध्येच उभारला, पण आता छपरात आग अडवणाऱ्या भिंती आहेत आणि पाण्याचे बारीक तुषार सोडणारी नळ्यांची योजना आहे. डिसेंबर २०२४ मध्ये देऊळ उघडले.

आमच्याकडे एवढा पैसा कोणाजवळ? जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर इथल्या जुन्या वाड्यांत अजून माणसे नांदतात आणि बोळ असे की अग्निशमनाचा बंब तोंडाशीच अडावा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, पण तुमच्या-आमच्या राहत्या वाड्याच्या माडीवर कायदा येऊन बघत नाही. आमच्याकडे धूर झाला तो लाकडी पट्टीवरून नेलेल्या जुन्या वायरीमुळे. तिच्यावर नंतर फ्रिज, गीझर, पाण्याची मोटर असे काय काय चढवले होते. भावाला झोप लागत नव्हती म्हणून कळले, एरवी माडी गेलीच होती.

मग आम्ही शहाणे झालो. सगळी वायर काढून धातूच्या नळीतून नवी घातली, तीही तुळईला भोके न पाडता भिंतीच्या कडेने. प्रत्येक मजल्याला वेगळा एमसीबी, शिवाय ईएलसीबी. माळ्यावरचा भुसा, गोवऱ्या आणि रॉकेलचे जुने डबे उतरवले. यावरून आईशी दोन दिवस अबोला झाला. जिन्याखालची अडगळ गेली. परसात उंचावर टाकी होतीच, तिला पंप आणि माडीपर्यंत पोचणारा होज बसवला. माडी, माजघर आणि माळा यांना बॅटरीवरचे धुराचे गजर लावले. फोडणीच्या धुराने ते बोंबलतात म्हणून स्वयंपाकघरात मात्र लावला नाही. एकूण खर्च एका बऱ्या मोटारसायकलीएवढा आला.

माडीच्या खांबावर तळहाताएवढा काळा डाग राहिला होता. सुतार तो रंधून पॉलिश करणार होता. त्याने पटाशी लावली, तर नखभर कोळशाखाली पिवळे, कोरडे लाकूड लागले आणि खोलीभर सागाचा वास सुटला. तेवढाच तुकडा उघडा ठेवून बाकीचा डाग आम्ही तसाच राहू दिला.