स्वामी केवलानंद सरस्वती : एक आदर्श अध्यापक

गुरूने विद्या द्यावी आणि शिष्याने ती नम्रपणे ग्रहण करावी, ही आपली पुरातन रीत होय. परंतु ती विद्या शिष्याच्या जिभेवरच राहावी की त्याच्या बुद्धीत उतरावी, हा प्रश्न ज्यांनी जन्मभर मनाशी बाळगला, अशा थोर अध्यापकांत वाईचे स्वामी केवलानंद सरस्वती यांची गणना होते.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव नारायणशास्त्री मराठे. कुलाबा जिल्ह्यातील सुडकोली या गावी १८७७ साली त्यांचा जन्म झाला. विद्येच्या ओढीने ते कृष्णाकाठच्या वाईस आले आणि प्रज्ञानंद सरस्वतींच्या चरणांशी राहून त्यांनी वेदान्ताचे अध्ययन केले. आजन्म ब्रह्मचारी राहून अध्यापन हेच त्यांनी आपले तप मानले.

त्या काळी विद्येचे दोन प्रवाह परस्परांकडे पाठ फिरवून वाहत होते. इंग्रजी शाळेतील मुलास शास्त्र ठाऊक नसे आणि पाठशाळेतील मुलास जगाची वार्ता नसे. नव्या विद्येचा वारा लागला तर श्रद्धा ढळेल, ही भीती अनेक वृद्ध शास्त्र्यांना वाटे. नारायणशास्त्र्यांच्या प्राज्ञपाठशाळेने ती भीती बाळगली नाही. शास्त्रांची बैठक न मोडता तेथे नव्या विचाराला दार मोकळे राहिले.

१९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून एका वर्षाची रजा घेऊन विनोबा भावे वाईस आले. उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य त्यांनी शास्त्रीबुवांपाशी अभ्यासले. मात्र हा विद्यार्थी नुसता शिकत बसला नाही. त्याने इतर मुलांना गीता शिकविली. विद्यार्थ्यांचे एक मंडळ स्थापन झाले. मुलांनी जात्यावर दळण दळावे आणि त्या मजुरीच्या पैशातून वाचनालय चालवावे, असा क्रम सुरू झाला. सुखवस्तू घरची मुलेही जात्याशी बसली. गावातील काही जणांना हा वेडेपणा वाटला. परंतु श्रमाचा आणि ग्रंथाचा संबंध त्या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

याच पाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. विनोबांपाशी ते इंग्रजी शिकले; पुढे १९२३ साली तर्कतीर्थ झाले. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर १९३२ साली येरवड्याच्या कारागृहात गांधीजींना शास्त्राधारांची चर्चा करावयाची होती, तेव्हा हा तरुण पंडित त्यांच्या साहाय्यास गेला. सनातनी मंडळींचा रोष पत्करून शास्त्राच्याच आधारे न्यायाची बाजू मांडणारा शिष्य घडविणे, ही गुरूची खरी कसोटी होय.

१९३१ साली नारायणशास्त्र्यांनी संन्यास घेतला व ते केवलानंद सरस्वती झाले. मात्र विद्याव्रत सुटले नाही. मीमांसाशास्त्रातील विखुरलेले विचार अभ्यासकाच्या हाताशी यावेत म्हणून त्यांनी मीमांसाकोश सिद्ध केला. धर्मशास्त्राची वचने विषयवार लावून देणाऱ्या धर्मकोशाचे कार्यही वाईसच उभे राहिले. त्याचे संपादन लक्ष्मणशास्त्र्यांनी केले. एखादे वचन पुढे करून वाद मिटवू पाहणाऱ्यासमोर सारी वचने एकत्र ठेवून विचार करावयास लावणे, हाही अध्यापनाचाच एक प्रकार होता.

१९५५ साली स्वामी ब्रह्मीभूत झाले. कृष्णेपासून नर्मदेकडील सतवास दूर खरे. परंतु जेथे कोठे ओसरीवर बसून एखादा बटू संथा म्हणतो, तेथे त्याच्या गुरूने क्षणभर थांबून त्याची शंका ऐकावी. स्वामींच्या स्मृतीस याहून उचित वंदन नाही.